शेगाव स्टेशनावरची बस

मामांनी स्वतःची गाडी घेतली ती २००९ च्या दिवाळीनंतर. त्याआधीची सहा-सात वर्षं ते भाड्याच्या गाडीवर यात्रा काढायचे. दर्यापूर तालुक्यातलं आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही असं. कापूस, तूर, हरभरा, सगळं पावसाच्या भरवशावर. अशा गावातून मामा उन्हाळ्यात शेगावची एका दिवसाची यात्रा न्यायचे. पहाटे चारला निघायचं, दर्शन, महाप्रसाद, दुपार कलली की आनंदसागर, आणि अंधार पडल्यावर परत. हिशेबाची वही माझ्याकडे असायची, अक्षर चांगलं म्हणून. माणशी किती घेतले, डिझेल किती, ड्रायव्हरला किती, पोहे-चहाला किती आणि शेवटी मामांच्या हातात काय उरलं. उरायचं थोडंच, पण उरायचं.

गावातल्या लेकरांना मामांचं खरं नाव ठाऊक नव्हतं. ती त्यांना आनंदसागरवाले मामा म्हणायची. तिथली झुकझुक गाडी, तलाव, कारंजी, बसायला सावली, हे सगळं संस्थाननं उभारलेलं; पण पोरांच्या लेखी ते मामांनी दाखवलेलं, म्हणून मामांचं. मार्च लागला की एकेक पोरगं ओसरीवर येऊन विचारायचं, "मामा, अवंदा कवा?" गावात नाव झालं, तसे सल्ले देणारेही आले. लोक तुमच्या नावावर येतात, मग भाडं दुसऱ्याच्या गाडीला कशाला? घ्या घरची गाडी. मामांनाही ते पटलं. मलाही पटलं होतं, हे इथं लिहायलाच हवं, कारण वही माझ्या हातात होती आणि भाड्याचा रकाना मला सगळ्यात जास्त टोचायचा.

गाडी आली. पांढरी, बाजूला निळा पट्टा, काचेवर महाराजांचा फोटो. पहिला उन्हाळा सोन्यासारखा गेला. मग जून आला. पेरण्या सुरू झाल्या आणि गाडी वाड्यातल्या लिंबाखाली उभी राहिली. आषाढात थोडी हलली, श्रावणात दोन-चार फेऱ्या, पुन्हा उभी. दसरा-दिवाळीत कापूस वेचणी, कोणाला मान वर करायला फुरसत नाही. लग्नसराईत वऱ्हाडाच्या चार-दोन खेपा मिळाल्या, त्याही उधारीवर. मी वर्षअखेरी बेरीज केली तर वर्षातले साठ-सत्तर दिवस गाडी भरून गेली होती. बाकीचे दिवस तिच्यावर लिंबाचा पाला पडत होता, आणि बँकेचा हप्ता, विमा, टॅक्स, ड्रायव्हरचा पगार मात्र बाराही महिने चालू. भाड्याचा एक रकाना गेला आणि त्याच्या जागी सात रकाने आले. मामा एकदा वही बघता बघता म्हणाले, "गाडी पयते तवा पोट भरते, राजा. उभी रायली का घर खाते." चौथ्या वर्षी गाडी विकली. मामीची पोत त्याआधीच गहाण पडली होती.

हे सगळं गेल्या जानेवारीत पुन्हा वर आलं, ते माझ्या भाचीमुळे. भाची म्हणजे धाकट्या भावाची मुलगी, सात वर्षांची. भाऊ पुण्यात नोकरीला आहे, कंपनीच्या कामानं अमेरिकेत गेला होता. जाताना बायको-लेकीलाही घेऊन गेला आणि परतीच्या आधी चार दिवस फ्लोरिडातलं डिस्ने वर्ल्ड दाखवून आला. येताना दिल्लीहून नागपूरचं विमान धुक्यामुळे अडकलं. नऊ तास. नेमकं काय होतंय ते कोणी धड सांगेना, पाण्याची बाटलीसुद्धा मागितल्यावर मिळाली. गावी पोचली तेव्हा पोरगी मिकीच्या कानांचा पट्टा डोक्यावर तसाच ठेवून बॅगेला टेकून झोपली होती, आणि एक कान मुडपलेला होता. दुसऱ्या दिवशी ओसरीवर मामांच्या मांडीवर बसून तिनं विचारलं, "आजोबा, डिस्नेचं स्वतःचं विमान का नाही? तिथं कुठंच असा उशीर झाला नाही. त्यांचं विमान असतं तर तेही वेळेवर आलं असतं ना?"

मामा काही बोलले नाहीत. त्यांनी लिंबाकडे पाहिलं. आता त्या जागी गोऱ्हा बांधलेला असतो.

मी मात्र तो प्रश्न सोडू शकले नाही. लेकराचा प्रश्न खोटा नव्हता. जी माणसं कचऱ्याचं एक टोपण जमिनीवर पडू देत नाहीत, रांगेत उभ्या असलेल्या माणसाचंही मन रमवतात, त्यांनी विमान चालवलं तर? अर्धं जग त्यातून जाईल असं वाटतं. मग त्यांनी ते केलं का नाही?

थोडंसं केलं होतं. फ्लोरिडातलं हे उद्यान ऑक्टोबर १९७१ मध्ये उघडलं तेव्हा त्यांच्या स्वतःच्या जमिनीवर एक आखूड धावपट्टी होती, छोट्या विमानांपुरती. तिथली नियमित उड्डाणं फार काळ टिकली नाहीत. मोठ्या विमानांसाठी त्यांनी वेगळी वाट धरली. ईस्टर्न एअरलाइन्स ही तेव्हाची अमेरिकेतली बडी कंपनी उद्यानाची अधिकृत विमान कंपनी झाली. उद्यानात तिच्या नावाचा खेळसुद्धा होता, पैसा अर्थातच ईस्टर्नचा. पुढं ईस्टर्नची वाताहत झाली. कामगारांचा संप, कर्ज, १९८९ मध्ये दिवाळखोरी आणि जानेवारी १९९१ मध्ये कायमचं कुलूप. डिस्नेनं त्याआधीच दुसऱ्या कंपनीशी घरोबा केला होता. उद्यानाचा दरवाजा एक दिवसही बंद राहिला नाही. हे वाचताना मला लिंबाखालची पांढरी गाडी दिसत होती. ती मामांची नसती, भाड्याचीच असती, तर तिचं काहीही झालं असतं तरी आमच्या घरात सणाला पुरण शिजलं असतं.

आकडे बघितले तर गोष्ट आणखी उघडी पडते. २०२४ च्या आर्थिक वर्षात डिस्नेच्या उद्यानं, हॉटेलं, जहाजं आणि खेळणी-कपडे या विभागाचं उत्पन्न ३४ अब्ज डॉलरच्या आसपास होतं आणि त्यातून धंद्याचा नफा ९ अब्जांवर. म्हणजे शंभर रुपयांत सत्तावीस रुपये. याउलट जगभरातल्या विमान कंपन्यांना अलीकडच्या वर्षांत एका प्रवाशामागे निव्वळ सहा-सात डॉलर सुटतात. एका माणसाला आकाशातून नेऊन सुखरूप उतरवायचं, त्याची बॅग सांभाळायची, आणि हातात पाचशे-सहाशे रुपये. बागायती सोडून कोणी मुद्दाम खारपाणातली कोरडवाहू घेईल का? माझ्या वहीत असा सौदा आला असता तर मी मामांना ओसरीवरून उठूच दिलं नसतं.

पण नफ्याच्या आकड्यांपेक्षा मला एसटीतून जास्त कळलं. आमच्या गावाला सकाळी येणारी एसटी कधी रिकामी जात नाही. तीत कोण असतं? तहसीलला दाखल्यासाठी निघालेला, दवाखान्यात तारीख असलेली बाई, कॉलेजची पोरं, माहेरपणाहून परतणारी, बाजाराला वांगी नेणारा. प्रत्येकाचं काम वेगळं, दिवस वेगळा, म्हणून ती रोज भरते. मामांच्या गाडीत फक्त शेगाववाले. सुट्टी असली की पन्नास जणांना जागा पुरत नाही, सुट्टी संपली की पाच मिळत नाहीत.

ओरलँडोला वर्षभर माणसं येतात हे खरं. पण ती येतात शंभर गावांतून, एकेका गावातून थोडीथोडी. साध्या विमान कंपनीच्या विमानात डिस्नेला निघालेलं कुटुंब असतं, त्यांच्या शेजारी सभेला चाललेला व्यापारी, मागं वसतिगृहात परतणारी मुलगी, नातवाच्या बारशाला निघालेली आजी. सगळे मिळून ते विमान भरतात. मिकीचं चित्र असलेल्या विमानात तो व्यापारी बसेल का? बसेलही, तिकीट स्वस्त असेल तर. आणि तिकीट स्वस्त केलं की सत्तावीस रुपयांची सवय असलेल्या घरात रोज भांडण. कमी दराच्या कंपन्या एकेक विमान दिवसाला बारा-तेरा तास हवेत ठेवतात, उतरलं की अर्ध्या तासात पुन्हा उडवतात. तेव्हा कुठं त्यांचं गणित जमतं. मामांना हे गणित कोणी शिकवलं नव्हतं, पण पहिल्या पावसाळ्यातच ते कळलं होतं.

आमच्या भागाला तर एकाच मालासाठी उभारलेल्या वाहनाचं काय होतं हे पिढ्यान्पिढ्या दिसतंय. यवतमाळ, मूर्तिजापूर, अचलपूर जोडणारी शकुंतला रेल्वे इंग्रजांच्या काळात एका खासगी कंपनीनं टाकली, वऱ्हाडचा कापूस मुंबईला आणि तिथून इंग्लंडच्या गिरण्यांना धाडण्यासाठी. अरुंद रूळ, सव्वाशे मैलांच्या आत-बाहेर लांबी. दर्यापूरचं स्टेशन त्याच मार्गावर, बनोसा नावाचं. माझी आजी त्या गाडीनं माहेरी जायची. कापसाची वाट बदलली तशी गाडीची रयाच गेली. आता रुळांच्या मध्ये बाभळी वाढल्यात. ती गाडी पुन्हा सुरू व्हावी असं मला मनापासून वाटतं, पण सुरू झाली तर ती कापसासाठी नको, एसटीसारखी सगळ्यांची हवी.

याच्या उलट बाजूचं उदाहरणही आहे आणि ते मला बरेच दिवस पटत होतं. युरोपात सहलींचा धंदा करणाऱ्या कंपन्यांची स्वतःची विमानं असतात. टीयूआय या कंपनीकडे विमानं आहेत, हॉटेलं आहेत, जहाजंही आहेत, आणि ती चालते आहे. मग डिस्नेनं का नाही? पण टीयूआय कुठल्या एका दरवाजाशी बांधलेली नाही. एका समुद्रकिनाऱ्याला लोक कंटाळले की विमानाचं तोंड दुसरीकडे. आणि त्याच धंद्यातली थॉमस कुक, दीडशे वर्षांहून जुनी पेढी, सप्टेंबर २०१९ मध्ये एका रात्रीत बसली. दीड लाखाच्या आसपास ब्रिटिश प्रवासी परदेशात अडकले, त्यांना सरकारनं विमानं पाठवून आणलं.

आपल्याकडे किंगफिशर आठवत असेल. मद्याच्या धंद्यातलं नाव घेऊन २००५ मध्ये आली. लोकांना आवडली होती हो ती, जेवण, आसनं, आदब, सगळं. पण सुरू झाल्यापासून एकदाही नफ्यात आली नाही आणि २०१२ मध्ये थांबली. नंतर २०१९ मध्ये जेट, २०२३ च्या मे महिन्यात गो फर्स्ट. गो फर्स्टमागचं घराणं कापडाच्या आणि बिस्किटांच्या धंद्यात मुरलेलं. कंपनीनं सांगितलं की इंजिनांच्या अडचणीमुळे आमची जवळजवळ निम्मी विमानं जमिनीवर आहेत. म्हणजे निम्म्या गाड्या लिंबाखाली, आणि हप्ते सगळ्यांचे. घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं, अशी आपल्याकडे म्हण आहे. विमानाच्या बाबतीत हे घोडं फार खातं.

मग मला वाटू लागलं की प्रश्न नावाचा नाहीच. नाव तर माणसं आणतं. प्रश्न असा की प्रवासाचा कोणता तुकडा त्या नावाला पेलतो.

शेगावचं संस्थान आणि डिस्ने यांची तुलना करताना मन कचरतं. एकीकडे श्रद्धा, दुसरीकडे धंदा. पण शिस्त, स्वच्छता आणि आलेल्या माणसाची कदर या बाबतीत मला दुसरं उदाहरण सुचत नाही. शेगावला सेवेकरी तुम्हाला 'माउली' म्हणतो आणि हात जोडून रांग पुढं सरकवतो; तिथं आवाज चढलेला मी कधी ऐकलेला नाही. आता बघा, संस्थान तीन प्रकारच्या प्रवासांना तीन तऱ्हेनं हात घालतं. मुंबई-हावडा मार्गावरच्या गाडीतून तुम्ही शेगाव स्टेशनावर उतरता. गाडी रेल्वेची, उशीर रेल्वेचा, गर्दी रेल्वेची. बाहेर आलात की कचोरीचा वास आणि समोर संस्थानची बस, मोफत. तुम्ही तिच्या पायरीवर पाय ठेवला की संस्थानच्या अंगणात आलात. हा झाला एक. दुसरा प्रवास म्हणजे पालखी. शेगावहून पंढरपूरला महाराजांची पालखी पायी जाते, सातशे किलोमीटरच्या वर, महिनाभर. तिची सगळी व्यवस्था संस्थान स्वतः बघतं, टाळकऱ्यांच्या ओळीपासून मुक्कामापर्यंत. का? कारण पालखीत चालणं हेच देवाचं काम. वाट आणि मंदिर वेगळं नाही. तिसरा प्रवास म्हणजे मधला, घरापासून स्टेशनापर्यंतचा, रेल्वेचा. त्याला संस्थान हात लावत नाही.

डिस्नेनं अगदी हेच केलेलं आहे, आणि ते कळल्यावर मी रात्री उठून वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं. त्यांची पालखी म्हणजे जहाज. आधी ऐंशीच्या दशकात दुसऱ्या कंपनीच्या जहाजांवर आपली पात्रं पाठवून बघितली, आणि मग १९९८ मध्ये स्वतःचं पहिलं जहाज आणलं. अडीच हजारांहून जास्त माणसं बसतील एवढं. ते जहाज कुठंतरी पोचण्यासाठी नाहीच. त्यावर राहायचं, जेवायचं, नाटक बघायचं, बहामातल्या त्यांच्याच बेटावर उतरायचं आणि पुन्हा जहाजात. जहाज हेच गाव. म्हणून तिथं त्यांचं नाव फुललं, नवी नवी जहाजं येतच राहिली. आणि त्यांची स्टेशनावरची बस? तीही होती. २००५ पासून २०२२ च्या जानेवारीपर्यंत ओरलँडोच्या विमानतळावरून त्यांच्या हॉटेलांपर्यंत मोफत बस चालायची. घरी आधीच पिवळ्या चिठ्ठ्या यायच्या. त्या बॅगेला बांधायच्या, आणि बरीच वर्षं अशी सोय होती की विमानतळावर बॅगेची वाट बघायचीच नाही, बॅग थेट खोलीत येऊन बसायची. आई-बापाचे दोन्ही हात लेकरासाठी मोकळे. ती बस त्यांनी बंद केली याचं मला खरोखर वाईट वाटलं, कधीही न पाहिलेल्या बसचं. विमान त्यांच्याकडे नव्हतं ते बरंच होतं. बस हवी होती.

विमानाला पालखी होता येत नाही. दोन-तीन तास माणूस पट्ट्यानं बांधलेला, पुढच्या आसनात गुडघे रुतलेले. खिडकीला चित्रं लावा, खाऊ डब्यात द्या, हवाई सुंदरीला परीचा पोशाख द्या, तरी वरचं आभाळ कोणाच्या बापाचं नसतं. धुकं, वादळ, धावपट्टीवरची रांग, इंधनाचा भाव, यातलं काहीच उद्यानवाल्यांच्या हातात नाही. उद्यानात मात्र सगळं त्यांच्या हातात असतं, कचऱ्याच्या टोपलीचं अंतरसुद्धा. भाचीला त्या रात्री राग आला तो विमान कंपनीचा. मिकीचा मुडपलेला कान घालून ती झोपली, कारण मिकीवर तिचा राग नव्हता. ते विमान मिकीचं असतं तर? नऊ तास तिनं मिकीची वाट बघितली असती, आणि मिकी आला नसता. सात वर्षांच्या मुलीला हे कसं समजवायचं की धुक्याला मिकीचाही इलाज नाही?

म्हणून माझं मत पक्कं आहे. दुसऱ्याच्या विमानावर आपलं चित्र रंगवून घ्यावं. अलास्का एअरलाइन्सच्या विमानांवर डिस्नेची चित्रं झळकली आहेतच, आणि विमान कंपनीलाही त्यात अभिमान वाटतो. सुट्टीच्या दिवसांत अख्खं विमान भाड्यानं घेऊन एखादी खास फेरी काढावी. आपली माणसं विमानतळाच्या दारात उभी करावीत. पण हप्ता स्वतःच्या नावावर घेऊ नये. तोक्योतलं डिस्नेलँड तर १९८३ पासून तिथलीच एक जपानी कंपनी चालवते, डिस्नेला नावाचे पैसे मिळतात; एवढं शहाणपण असलेल्या घरानं विमानाच्या भानगडीत पडू नये. कर्ज काढून फ्लोरिडाला जाणारी मध्यमवर्गीय कुटुंबं मी आता भावामुळे पाहिली आहेत. त्यांच्या आयुष्यातले ते चार दिवस असतात. ते चार दिवस सांभाळणाऱ्याचं घर बुडता कामा नये, असं मला फार कळकळीनं वाटतं.

१६ एप्रिल २०२५ ला अमरावतीच्या बेलोऱ्याहून मुंबईचं विमान सुरू झालं. सत्तरेक जणांचं, पंख्याचं. आमच्या गावातून दोन जीपा भरून लोक ते बघायला गेले होते. मामा गेले नाहीत.

यंदा मे महिन्यात भाऊ त्याच विमानानं आला, लेकीला घेऊन. मामांनी आदल्या दिवशी शेगावची यात्रा ठरवून ठेवली होती. गाडी भाड्याची, अकोल्याकडची, ड्रायव्हर तिचा तिचाच. पहाटे चारला अंगणात दिवा लावून मामा पिशव्या मोजत होते. मी त्यांना पिवळ्या चिठ्ठ्यांची गोष्ट सांगितली होती, त्याला चार महिने झाले असतील. मामीच्या जुन्या हळदी रंगाच्या लुगड्याच्या चिंध्या काढून त्यांनी प्रत्येक पिशवीच्या कानाला एक बांधली होती. भाचीच्या छोट्या बॅगेलाही बांधली, दोन गाठी मारून.

"आजोबा, हे कशाला?"

"तुले उचला लागू नये म्हणून," मामा म्हणाले. "तू खिडकीत बस. आनंदसागर आलं का मी आणून देतो."